ईजीपीयू बॉक्स रेंडरच्या मध्येच बंद पडतोय, पॉवर सप्लाय बदलला तरी परत तेच – शेवटी काय काय निघालं

नमस्कार मंडळी. ईजीपीयू बॉक्स म्हणजे थंडरबोल्ट केबलनं लॅपटॉपला बाहेरून जोडायचा ग्राफिक्स कार्डाचा बॉक्स, त्याची ही गोष्ट. जरा लांबलचक होणार आहे, कारण हा प्रॉब्लेम माझ्याकडं तीनदा सुटला आणि दोनदा परत आला. ज्यांचा बॉक्स आत्ता बंद पडतोय आणि पार्टी फोन करकरून डोकं खातीय त्यांनी फक्त पुढचा पॅरा वाचा, बाकीचं रात्री निवांत वाचलं तरी चालतंय.

पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा स्क्रीनकडं बघू नका, बॉक्सकडं आणि लॅपटॉपच्या चार्जिंगच्या लाईटकडं बघा. कार्डाचे पंखे, बॉक्सचा दिवा आणि लॅपटॉपचं चार्जिंग तिन्ही एका झटक्यात गेलं तर ड्रायव्हर, विंडोज, थंडरबोल्ट केबल कशाच्याच नादाला लागू नका, बॉक्समधला पॉवर सप्लायच बंद पडलाय. त्यात परत बॉक्सच्या मागचं बटण बंद करून थोडं थांबून चालू केल्याशिवाय तो उठतच नसेल, तर ओव्हरलोड झाला म्हणून सप्लायनं स्वतःला लॉक करून घेतलंय. चार्जिंग चालू राहिलं आणि नुसतं कार्ड गायब झालं तर मग केबल किंवा ड्रायव्हरचा संशय घ्या, पण त्यालाही एक पोटअट आहे, ती खाली येईल. एवढं मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर साडेतीन हजाराची केबल वाचली असती माझी.

तर आता सगळं पहिल्यापासून. मी सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आधी गावभागात दुकान होतं, २०१९ च्या पुरानंतर कानाला खडा लावला आणि स्टुडिओ उचलून विश्रामबागला वरच्या मजल्यावर आणला. (हे उगाच सांगत नाहीये, शेवटी याचा संबंध येतो.) काम लॅपटॉपवर, आणि लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्डाचा बॉक्स, थंडरबोल्ट ३ वाला. एकच केबल लावायची, त्यातूनच कार्ड चालतं, त्यातूनच लॅपटॉप चार्ज होतो, मस्त सोय आहे. बॉक्स कुठल्या कंपनीचा ते विचारू नका, जुनं मॉडेल आहे आणि त्यांच्या हिशोबानं त्यांनी दिलं ते बरोबरच दिलं होतं. आत ४०० वॅटचा फ्लेक्स एटीएक्स सप्लाय, तो लांबुळका बारका असतो ना तो. त्यावर जीटीएक्स १०६० कार्ड दोन वर्षं चाललं, एकदाही कुरकुर नाही. मग नॉइज रिडक्शनला (कमी उजेडातल्या व्हिडिओतले दाणे काढायला) फार वेळ लागतो म्हणून आरटीएक्स ३०६० टीआय घेतली आणि तिथनं दुखणं चालू झालं.

गंमत अशी की रोजचं एडिटिंग करताना काहीच नाही. टाइमलाइन पळतीय, कलर होतोय, सगळं छान. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टेम्पोरल नॉइज रिडक्शन लावून रेंडर सोडला की पाच-दहा मिनिटात टुंग असा आवाज, स्क्रीन काळी, बॉक्स गप्प. हळदीचा कार्यक्रम कमी उजेडात शूट केलेला असतो, त्यामुळं नॉइज रिडक्शन लावल्याशिवाय गत्यंतर नाही, म्हणजे प्रत्येक लग्नात हा हळदीलाच बंद पडायचा. आमच्या पोरानं नावच ठेवलं, बॉक्सला हळद चढत नाही.

मी काय केलं? सगळे करतात तेच. ड्रायव्हर काढून टाकला, जुना टाकला, परत नवा टाकला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ नंबरची नोंद दिसत होती, डिस्प्ले ड्रायव्हरनं रिस्पॉन्स देणं बंद केलं वगैरे, ते वाचून ड्रायव्हरच वाटणार ना माणसाला. पण ती नोंद म्हणजे परिणाम आहे, कार्डाचा जीवच गेला तर ड्रायव्हर कुणाशी बोलणार. मग केबल बदलली. थंडरबोल्ट ३ ची साधी पॅसिव्ह केबल ४० गिगाबिट स्पीडनं जेमतेम अर्ध्या मीटरभरच चालते, माझी लांब होती, म्हणून आखूड चांगली मागवली. स्पीडला फरक पडला असेलही, बंद पडायचं काय थांबलं नाही.

एकदा रात्री रेंडर लावून भडंग खात बसलो होतो, नजर सहज लॅपटॉपच्या कडेला गेली, आणि टुंग झालं त्याच क्षणी चार्जिंगचा पांढरा दिवा पण विझला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चार्जिंगचा आणि ड्रायव्हरचा काय संबंध? काही नाही. दोघांचा बाप एकच, आतला सप्लाय.

खात्री करायला दोन टेस्ट केल्या, दोन्ही फुकटच्या आहेत, सप्लाय विकत घ्यायच्या आधी तुम्ही पण करा. एक म्हणजे आफ्टरबर्नर (कार्डाची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) टाकून कार्डाची पॉवर लिमिट ६० टक्क्यांवर आणायची आणि तोच रेंडर तोच सीन परत लावायचा. माझा पूर्ण झाला, हळूहळू पण झाला. दुसरी, लॅपटॉपला त्याचा स्वतःचा चार्जर लावायचा. माझा लॅपटॉप दोन्ही लावले तर स्वतःच्याच चार्जरवर जातो, म्हणजे बॉक्सवरचा तेवढा बोजा कमी. तेव्हा लिमिट पूर्ण ठेवूनही रेंडर पाऊण तास चालला, मग पडला. म्हणजे सप्लाय काठावर आहे हे नक्की झालं.

आता हिशोब. कार्ड २०० वॅटचं. यातले काही वॅट स्लॉटमधून (कार्ड बसतं ती खाच) येतात, स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, बाकीचे ८ पिनच्या केबलमधून, तिची मर्यादा १५०. लॅपटॉपचं चार्जिंग १०० वॅटपर्यंत. बॉक्सचा बोर्ड, पंखा, पोर्ट मिळून २० धरा. झाले ३२०. तुम्ही म्हणाल ४०० मध्ये ३२० बसतंय की. मला पण तसंच वाटलं. पण सप्लायवरचं स्टिकर नीट वाचा, त्यावर १२ व्होल्टला ३० अँपिअर लिहिलं होतं, म्हणजे ३६० वॅट. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टचे, ते या बॉक्समध्ये जवळजवळ कुणी खातच नाही. मोठ्या अक्षरात ४०० लिहिलंय ते सगळ्यांची मोट बांधून. आणि कार्डाचे २०० हे सरासरी असतात, मिलिसेकंदाच्या आत ते बरंच वर उसळी मारून येतं. या उसळ्या एवढ्या वाढल्या की २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे सप्लायचं नवं स्टँडर्ड आलं त्यात सप्लायनं १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट लोड सोसला पाहिजे असं लिहूनच टाकलं. माझा सप्लाय त्याच्या कितीतरी आधीचा, तीन उन्हाळे खाल्लेला, आत बोटभर धूळ, आणि बाहेर सांगलीचा एप्रिल.

मल्टीमीटर लावून पण बघितलं. २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा, काळी प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब कार्डाच्या ८ पिन कनेक्टरच्या मागून तारेच्या शेजारनं अलगद आत सरकवायची, कनेक्टर काढायचा नाही. हल्ली सगळ्या तारा काळ्याच येतात तर ओळखायचं असं की कार्डाच्या ८ पिनला ज्या बाजूला खटका असतो ती ओळ ग्राउंडची, १२ व्होल्टच्या तीन तारा खटक्याच्या विरुद्ध बाजूला. (मदरबोर्डच्या सीपीयूची ८ पिन याच्या बरोब्बर उलटी असते, खटक्याच्या बाजूला १२ व्होल्ट. दिसायला सारखी, म्हणून ती दाबून बसवायचा शहाणपणा करू नका.) तर रिकामा असताना ११.९, रेंडर चालू झाला की ११.५, आणि मग खाली खाली येत ११.३२ दिसलं आणि टुंग. नियमानं १२ व्होल्टमध्ये पाच टक्के इकडं-तिकडं चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली गेलं की फेल. उसळी काय मीटरमध्ये दिसत नाही, ते फार हळू असतं, पण सप्लाय दमतोय हे दिसायला एवढं पुरे.

आता कुठला घ्यायचा. इथं साईजचा घोळ आहे. फ्लेक्स साधारण ८१ बाय ४० बाय १५० मिलिमीटर. त्याच साईजमध्ये जास्त वॅटचे मिळतात पण ४० मिलिमीटरच्या पंख्याचा आवाज म्हणजे कानात डास, आणि मी त्याच खोलीत ऑडिओ ऐकतो. दुसरी साईज एसएफएक्स, तो असतो १२५ बाय ६३ बाय १००, आवाज कमी, १२ व्होल्टला अँपिअर दणकून, पण उंचीला तो आत बसतच नाही. मी एसएफएक्सच घेतला, ६०० वॅट, १२ व्होल्टला ५० अँपिअरवाला, आणि कुपवाड एमआयडीसीत पत्र्याचं काम करणारा मित्र आहे त्याच्याकडं बॉक्स घेऊन गेलो. तो म्हणाला, "मर्दा, एवढंच ना, उद्या घेऊन जा." दुसऱ्या दिवशी त्यानं बॉक्सच्या बगलेला बसणारा पत्र्याचा खोका करून दिला, सप्लायच्या चार स्क्रूची भोकं अगदी मापात, आणि केबल आत जाते तिथं पत्र्याच्या कडेला रबराचं बुश. ते बुश मी सांगितलं नव्हतं, त्यानं स्वतःहून लावलं, आणि ते नसतं तर पत्र्याची धार कधी ना कधी केबलमध्ये घुसली असती. दिसायला ओबडधोबड आहे पण कशाला हलत नाही.

एक गोष्ट, जुना सप्लाय उघडून त्यातच काही करू म्हणणारे असतात. नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ तिथंच बसलेलं असतं.

नवीन सप्लाय बसवायच्या आधी टेबलावर चालवून बघितला. बॉक्समध्ये काय असतं की लॅपटॉप जोडल्याशिवाय बोर्ड सप्लायला चालू हो म्हणतच नाही, त्यामुळं नुसता प्लग लावून काही होत नाही. टेबलावर चालू करायचा तर २४ पिनमधली हिरवी तार काळ्या तारेला जेम क्लिपनं जोडायची. माझी तार पण सगळी काळी, मग खटका वर धरून खुणेच्या हिशोबानं मोजली, दोनदा मोजली. क्लिप लावली, पंखा फिरेना. झालं, म्हणलं मेलेला माल आला. पॅक करून परत पाठवायच्या बेतात होतो, मग सहज मीटर लावलं तर १२.०८ व्होल्ट! हल्लीचे सप्लाय कमी लोडला पंखाच फिरवत नाहीत, गरम झाल्यावर फिरवतात. खोक्यावर लिहिलं पण होतं, वाचतंय कोण.

आणि मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुट्या होणाऱ्या, केबलचं लक्षात ठेवा, हे सगळ्यात महाग पडणारं आहे. सोबत आलेल्या केबल मला थोड्या आखूड पडत होत्या, म्हणून दुकानात लांब केबल मागितली, त्यानं दुसऱ्याच कंपनीची दिली, "सगळ्या सेमच असतात साहेब." कार्डाकडचं टोक सगळीकडं सारखं असतं हे खरं, पण सप्लायकडच्या टोकाला कुठल्या पिनला काय हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचंही वेगळं. बसते खटकन, आणि १२ व्होल्ट ग्राउंडवर जातं. मी मीटरवर कंटिन्युटी (कुठली तार कुठं जोडलीय ते बघायची सेटिंग) लावून दोन्ही केबल ताडून बघितल्या, दोन तारा उलट्या निघाल्या. परत केली. मित्राकडं जाऊन पत्र्याचा खोका दोन इंच पुढं सरकवून घेतला आणि मूळच्याच केबल वापरल्या.

बसवलं सगळं. रेंडर लावला. मीटरवर १२.०५ वरनं ११.९६, त्याखाली जाईना. हळद झाली, लग्न झालं, रिसेप्शन झालं. वीस-बावीस दिवस एकदम सुखात.

मग मे महिन्यात परत टुंग.

पण या वेळी चार्जिंगचा दिवा चालू! बॉक्सचा पंखा चालू, फक्त कार्ड गायब. ही ती वर म्हटलेली पोटअट. मी आपला परत ड्रायव्हरच्या मागं लागलो दोन दिवस, स्वतःच्याच नियमानं फसलो. शेवटी रेंडर चालू असताना हात आत घातला आणि केबलला हात लागला तर चांगली गरम. झालं काय होतं, माझ्या बॉक्सच्या बोर्डाला २४ पिनशिवाय एक ८ पिन लागते, स्लॉटची पॉवर आणि लॅपटॉपचं चार्जिंग त्यातनं जातं, आणि कार्डाला वेगळी ८ पिन. सप्लायसोबत एक केबल अशी आली होती की एका तारेला दोन डोकी. नीटनेटकं दिसतंय म्हणून मी एकाच केबलची दोन डोकी दोन्हीकडं लावली होती. म्हणजे ३०० वॅट एकाच केबलमधनं, २५ अँपिअर, तीन तारांवर वाटले तर तारेमागं आठच्या वर. कनेक्टर काढून बघितला तर एका पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं, चहा सांडल्यासारखं, आणि पिन जरा सैल. सप्लाय ठणठणीत पण तिथं व्होल्टेज पडत होतं आणि पहिला मार कार्ड खात होतं. खोक्यात दुसरी केबल न उघडता पडलेली होती. बोर्डाला एक, कार्डाला एक, अशा सप्लायपासून वेगळ्या दोन केबल लावल्या, जळकी टाकून दिली. आता रेंडर चालू असताना हात लावला तर कोमट पण लागत नाही.

यावर एकजण म्हणाला की एवढा मोठा सप्लाय टाकलास तर स्पीड वाढला असेल. नाही हो. थंडरबोल्ट ३ मधनं कार्डाला मिळतात त्या डेटाच्या चारच लेन, त्या तेवढ्याच राहणार. सप्लायनं फक्त एवढं होतं की रेंडर शेवटपर्यंत पोचतो.

तिसरा भाग वळवाच्या पावसाचा. संध्याकाळी चारला आभाळ भरून आलं, वारा सुटला, लाईट गेली, इन्व्हर्टर चालू झाला, पंखा-ट्यूब सगळं चालू, लॅपटॉप तर बॅटरीवर चालूच, आणि बॉक्स बंद. दोन मिनिटांनी लाईट आली तेव्हा पण तसंच. जुना सप्लाय असताना पण हे होत होतं बहुतेक, पण तेव्हा तो रोजच मरत होता त्यामुळं कशानं मेला हे कोण बघतंय.

आधी वाटलं इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल. नव्या सप्लायना अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (मेनमधनं करंट नीट खेचणारं सर्किट) असतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना चौकोनी वेव्ह पचत नाही, घुर्र आवाज करतात किंवा सरळ बंद होतात, त्यामुळं तुमचा जुना स्वस्तातला इन्व्हर्टर असेल तर आधी तेच तपासा. पण माझा साइन वेव्हवाला आहे. मग ज्याच्याकडं कुणी कधी बघत नाही तिकडं, म्हणजे इन्व्हर्टरच्या पाठीमागं, टॉर्च मारून बघितलं. जाळ्या झटकल्या तर एक बारकं बटण, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल. ते नॉर्मलवर. विश्रामबागला आलो तेव्हा वायरमननं लावून दिलेलं, तेव्हापासून तसंच.

फरक असा की यूपीएसवर इन्व्हर्टर साधारण १०-१५ मिलिसेकंदात बॅटरीवर येतो, नॉर्मलवर त्याला बराच जास्त वेळ लागतो. पंख्याला कळत पण नाही. सप्लायच्या पोटात मात्र फुल लोडला १६-१७ मिलिसेकंद तग धरेल एवढंच साठवलेलं असतं, त्यामुळं नॉर्मलवर तो दर वेळी जाणारच. बटण सरकवलं, मेन स्विच पाडून बघितला, रेंडर चालू. परत पाडला, चालू. पोरगं पाच वेळा पाडत बसलं, शेवटी मीच थांबवलं.

याचा एक तोटा आहे तो पण सांगतो. यूपीएस मोडवर इन्व्हर्टर व्होल्टेजबाबत नखरे करतो, जरा कमी झालं की लगेच बॅटरीवर जातो. संध्याकाळी आमच्याकडं व्होल्टेज चांगलंच खाली येतं, तेव्हा तो टक-टक करत आत-बाहेर करत राहतो आणि बॅटरी उगाच वापरली जाते. म्हणून लांबलचक रेंडर मी आता रात्री दहानंतर लावतो.

जाता जाता अर्थिंगचं. पत्र्याचा खोका लावल्यापासून बॉक्सला उघडा हात लागला की झिणझिण्या येत होत्या. सप्लायला दोष देऊ नका, त्याच्या आत फिल्टरचे बारके कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात, भिंतीत अर्थच नसेल तर ते आख्खी बॉडी १००-११५ व्होल्टवर लटकवून ठेवतात, करंट अगदी किरकोळ पण हाताला लागतो. माझ्या भिंतीवरच्या स्विच बोर्डात तिसऱ्या पिनची तार होती, पण खाली ती कुठंच जोडलेली नव्हती. वायरमनला बोलावून ती जोडून घेतली आणि खालच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी-मीठ घातलं तेव्हा न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज दोनच्या खाली आलं आणि झिणझिण्या पण गेल्या.

आत्ता हे लिहितोय तेव्हा मिरजेच्या एका लग्नाची हळद रेंडर होतीय, ७३ टक्के. बाहेर पाऊस आहे, लाईट दोनदा जाऊन आली. कुणाच्या बॉक्सच्या बोर्डाला ८ पिनऐवजी वेगळा कनेक्टर असेल तर खाली फोटो टाका, पण सप्लायच्या स्टिकरचा पण टाका, नुसतं "४०० वॅट आहे" म्हणून सांगू नका.